वाचकांचे प्रश्न : खरेदीखतातले ‘विटनेसेथ’ आणि प्रार्थनेतले ‘आर्ट’

मागील अंकात एका पत्राला उत्तर देताना ‘हॅथ’ (आजचे ‘हॅज’) आणि ‘डथ’ (आजचे ‘डज’) या जुन्या इंग्रजी क्रियापदांचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर कोल्हापूर शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून जी पत्रे आली, त्यांतली बरीचशी याच विषयाला धरून आहेत. म्हणून या वेळचे सदर सगळेच त्याला दिले आहे. पुढच्या उत्तरांना आधार म्हणून एवढे लक्षात ठेवावे की, जुन्या इंग्रजीत ‘दाउ’ म्हणजे एकवचनी ‘तू’, आणि त्याच्या क्रियापदाला ‘-एस्ट’ किंवा नुसता ‘-स्ट’ लागतो. तो, ती, ते या कर्त्यांच्या वर्तमानकाळी क्रियापदाला ‘-एथ’ लागतो. आणि मी, आम्ही, तुम्ही, ते लोक यांच्या क्रियापदाला यांपैकी काहीही लागत नाही. ही रूपे म्हणजे भाषेला जुनेपणा आणण्यासाठी वर चिकटवलेली नक्षी आहे, असा समज अनेक पत्रांतून दिसला. प्रत्यक्षात ते नेमके व्याकरण आहे, आणि आपल्या बोलण्यात ‘करतोस’ आणि ‘करतो’ हा फरक रोज पाळणाऱ्या मराठी माणसाला ते आजच्या इंग्रज विद्यार्थ्यापेक्षा लवकर कळावे.

प्रश्न : वडिलांच्या नावे असलेल्या ई वॉर्डातील मिळकतीचे जुने खरेदीखत इंग्रजीत आहे. लिहून देणार आणि लिहून घेणार यांची नावे झाल्यावर ‘नाउ दिस डीड विटनेसेथ अ‍ॅज फॉलोज’ असे ठळक अक्षरांत टंकलेले आहे. एका नातेवाइकांच्या मते ही टंकलेखकाची चूक असून तो शब्द ‘विटनेसेस’, म्हणजे साक्षीदार, असा हवा. या चुकीमुळे खतात दोष राहतो का?
— एक वाचक, ताराबाई पार्क

उत्तर : चूक नाही आणि दोषही नाही. येथे ‘विटनेस’ हे नाम नसून साक्ष देणे या अर्थाचे क्रियापद आहे, त्याचा कर्ता ‘दिस डीड’ म्हणजे ‘हे खत’ आहे, आणि तृतीयपुरुषी एकवचनी कर्ता असल्यामुळे क्रियापदाला ‘-एथ’ लागला आहे. आजच्या इंग्रजीत हेच वाक्य लिहायचे झाल्यास ‘दिस डीड विटनेसेस’ असे लिहावे लागेल. म्हणजे नातेवाइकांनी सुचवलेले रूप दिसायला बरोबर असले, तरी त्याचा त्यांनी लावलेला अर्थ बरोबर नाही. ‘हे खत पुढीलप्रमाणे साक्ष देते’ एवढाच त्या ओळीचा अर्थ. साक्षीदारांच्या सह्या शेवटच्या पानावर येतात, त्यांच्याशी या शब्दाचा संबंध नाही.

गोंधळ होण्याचे एक कारण मांडणीत आहे. काही मसुद्यांत हा शब्द एका ओळीवर एकटाच, अक्षरे सुटी करून, मथळ्यासारखा छापतात. त्याचा कर्ता पाच-दहा ओळी वर, ‘हा करार अमुक दिवशी अमुक आणि अमुक यांच्यामध्ये झाला’ या लांबलचक वाक्याच्या आरंभी असतो, आणि मधल्या नावापत्त्यांच्या गर्दीत तो वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटतो. दस्त अनेकवचनी धरून लिहिला असेल, तर ‘नाउ दीज प्रेझेंट्स विटनेस’ असे ‘-एथ’शिवायचे रूप येते, कारण अनेकवचनी कर्त्याला तो प्रत्यय लागत नाही. मुखत्यारपत्राच्या आरंभी ‘नो ऑल मेन बाय दीज प्रेझेंट्स’ असे जे लिहितात, त्यातले ‘प्रेझेंट्स’ हेच. त्याचा भेटवस्तूंशी संबंध नसून ‘प्रस्तुत लेख’ असा त्याचा अर्थ आहे.

कायद्याच्या भाषेत जुनी रूपे टिकतात, कारण मसुदा लिहिणारा मागचा मसुदा समोर ठेवून लिहितो आणि एकदा चाललेला शब्द बदलण्याची जोखीम कोणी घेत नाही. आपल्याकडच्या जुन्या कागदांतले ‘लिहून दिले ऐसीजे’ असेच पिढ्यान् पिढ्या चालत राहिले होते. तरीही ‘विटनेसेथ’ लिहिल्याने कोणाचा हक्क वाढत नाही आणि गाळल्याने कमी होत नाही. नवे खत करून घेताना साधे वाक्य लिहायला सांगितले तर काही बिघडणार नाही, असे मला वाटते.

प्रश्न : ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मधले पोर्शियाचे दयेवरचे भाषण शिकवताना विद्यार्थी विचारतात की, ‘इट ब्लेसेथ हिम दॅट गिव्ह्ज अँड हिम दॅट टेक्स’ या एकाच ओळीत ‘ब्लेसेथ’ जुने आणि ‘गिव्ह्ज’, ‘टेक्स’ नवे असे का? शेक्सपिअरच्या लेखणीतून एक नियम सुटला, असे म्हणायचे का?
— एक प्राध्यापिका, राजारामपुरी

उत्तर : नियम सुटलेला नाही, त्याच्या काळात दोन्ही रूपे चालू होती आणि कवीने दोन्ही वापरली. तृतीयपुरुषी ‘-स’ हा प्रत्यय मूळचा उत्तर इंग्लंडच्या बोलीतला. तो हळूहळू दक्षिणेकडे सरकत सोळाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बोलण्यात चांगला रुळला होता, तर ‘-एथ’ हा दक्षिणेकडचा जुना प्रत्यय लेखनात, प्रवचनात आणि गंभीर प्रसंगी तग धरून होता. हे नाटक १५९६-९७च्या सुमाराचे, म्हणजे नेमके या संक्रमणातले आहे.

दोन रूपे हाताशी असणे ही कवीची चैन असते. त्याच भाषणात आधी ‘इट ड्रॉपेथ अ‍ॅज द जेंटल रेन फ्रॉम हेवन’ अशी ओळ येते. तेथे ‘ड्रॉप्स’ लिहिले असते तर एक अवयव, म्हणजे उच्चाराचा एक तुकडा, कमी पडून लय मोडली असती. उलट ‘गिव्ह्ज’च्या जागी ‘गिव्हेथ’ घातले तर एक अवयव वाढतो. मराठी कवी ‘दिसे’, ‘दिसते’ आणि ‘दिसतसे’ यांतून मात्रा मोजून एक निवडतात, तसाच हा व्यवहार आहे. मात्र ‘ब्लेसेथ’चा उलगडा वृत्तातून होत नाही, कारण ‘ब्लेसेस’चेही अवयव दोनच. तेथे दुसरे कारण दिसते. ज्या धातूच्या शेवटी ‘स’, ‘श’, ‘झ’ यांसारखा सीत्कार असतो, त्याला पुन्हा ‘स’ जोडणे जिभेला जड जाते, आणि अशा धातूंना ‘-एथ’ इतरांपेक्षा अधिक काळ चिकटून राहिला. वरच्या पत्रातले ‘विटनेसेथ’ याच वर्गातले आहे. शिवाय पोर्शिया न्यायालयात, न्यायविशारदाच्या वेषात बोलते आहे. तिच्या तोंडी थोडा भारदस्त प्रत्यय शोभतो.

विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट सांगता येईल. रिचर्ड हॉजेस नावाच्या एका शिक्षकाने १६४३ साली शुद्धलेखनाच्या पुस्तकात नोंदवून ठेवले आहे की, लोक ‘लीडेथ’, ‘मेकेथ’, ‘नोटेथ’ असे लिहितात. पण वाचताना मात्र ‘लीड्स’, ‘मेक्स’, ‘नोट्स’ असेच म्हणतात. म्हणजे सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ‘-एथ’ हा बऱ्याच अंशी कागदावरचाच प्रत्यय उरला होता. फक्त ‘हॅथ’ आणि ‘डथ’ ही दोन रोजची रूपे अठराव्या शतकातही रेंगाळली. आपण गणपतीच्या आरतीत ‘दर्शनमात्रे मनकामना पुरती’ असे घसा फोडून म्हणतो आणि तेथे ‘पुरतात’ असा बदल कोणाला सुचत नाही, हेही त्यांच्यासमोर ठेवावे. जुने रूप कोठे जिवंत राहते, ते त्यांना त्यावरून पटेल.

उच्चाराबद्दलही आपण विचारले आहे. ‘सेइथ’ असे दिसणाऱ्या रूपाचा उच्चार ‘सेथ’, ‘डोथ’ असे दिसणाऱ्याचा ‘डथ’, आणि ‘दाउ’बरोबर येणाऱ्या ‘डोस्ट’चा ‘डस्ट’ असा करतात. वर्गात कोणी त्याचे ‘दोस्त’ करून वाचले तर हसून सोडून द्यावे.

प्रश्न : आमच्याकडे इंग्रजी उपासनेत प्रभूची प्रार्थना जुन्या शब्दांत, ‘अवर फादर, विच आर्ट इन हेवन’ अशी म्हणतात. येथे ‘इज’ का नाही? आणि देवाला ‘दाउ’, ‘दाय’ म्हणतात, त्या अर्थी ते शब्द आदरार्थी समजावेत का?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर मराठीतच दडलेले आहे. ‘हे आमच्या पित्या, जो तू स्वर्गात आहेस’ या वाक्यात आपण ‘आहे’ म्हणत नाही, ‘आहेस’ म्हणतो, कारण ‘जो’ हे सर्वनाम समोरच्याला उद्देशून आले आहे. इंग्रजीतही तेच घडले आहे. ‘आर्ट’ हे ‘दाउ’चे रूप, म्हणजे ‘आहेस’. येथे ‘इज’ घातले असते तर पित्याशी न बोलता पित्याविषयी तिसऱ्याच कोणाशी बोलल्यासारखे झाले असते. माणसासाठी ‘विच’ वापरणे त्या काळी रूढ होते. पुढे त्याची जागा ‘हू’ने घेतली.

त्याच प्रार्थनेत ‘दाय किंगडम कम’ असे येते. त्यातले ‘कम’ पाहून काहींना प्रत्यय गळाल्याचा भास होतो. प्रत्यय असता आणि ‘दाय किंगडम कमेथ’ असे म्हटले असते, तर ‘तुझे राज्य येते’ असे नुसते विधान झाले असते. प्रत्यय नसल्यामुळे ती इच्छा आहे : ‘तुझे राज्य येवो.’ ‘हॅलोड बी दाय नेम’ म्हणजे ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’. मराठीत ‘-ओ’ लावून जे साधते ते इंग्रजीत प्रत्यय काढून साधते, आणि ‘गॉड सेव्ह द किंग’मध्ये ‘सेव्ह्ज’ का नाही याचेही उत्तर हेच आहे.

दुसऱ्या प्रश्नात मात्र समजूत अगदी उलटी झाली आहे. ‘दाउ’ हे एकेरी संबोधन आहे. मुळात ‘दाउ’ एकाला आणि ‘यी’ अनेकांना, एवढाच भेद होता. ‘दी’ आणि ‘यू’ ही त्यांची अनुक्रमे ‘तुला’ आणि ‘तुम्हांला’ या अर्थाची रूपे. तेराव्या शतकापासून फ्रेंच दरबारी रिवाजाच्या प्रभावाखाली एका मोठ्या माणसालाही अनेकवचन वापरण्याची पद्धत पडली, आणि मग ‘दाउ’ उरले ते लेकराला, नोकराला, जिवलगाला, शत्रूला आणि देवाला. आपल्या भागात आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ म्हणणारी घरे पुष्कळ आहेत. त्याच घरात अंबाबाईला आणि जोतिबाला ‘तू’च म्हणतात, आणि त्यात अनादर आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. इंग्रजी प्रार्थनेतले ‘दाउ’ याच जवळिकीचे आहे. पुढे रोजच्या बोलण्यातून ते नाहीसे झाले आणि फक्त प्रार्थनेत ऐकू येऊ लागले, तेव्हा देवाच्या सहवासाने त्या शब्दालाच वजन आले.

एकेरीची दुसरी बाजूही इंग्रजीत होती. १६०३ साली सर वॉल्टर रॅले याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी बाजू मांडणाऱ्या एडवर्ड कोक याने भर न्यायालयात ‘आय दाउ दी, दाउ ट्रेटर’ असे शब्द वापरले. ‘दाउ’ला येथे क्रियापद केले आहे : ‘मी तुला अरे-तुरे करतो, देशद्रोह्या!’ याचा झणका आजच्या इंग्रज वाचकाला टीप वाचून कळतो. पेठेतल्या तालमीसमोर दोन माणसांत भांडण होताना ‘एकेरीवर येऊ नको’ हे वाक्य ज्याने ऐकले आहे, त्याला टीप लागत नाही. याउलट सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्सच्या अनुयायांनी, म्हणजे क्वेकर पंथीयांनी, सर्व माणसे सारखी म्हणून गरीब-श्रीमंत सर्वांना एकेरी बोलण्याचा आग्रह धरला आणि त्याबद्दल लोकांचा रोष पत्करला. त्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्रमाण इंग्रजीत ‘यू’ने सर्वांनाच व्यापले. यॉर्कशरसारख्या भागांत ‘दा’ असे त्याचे बोलीरूप पुढेही ऐकू येत राहिले.

१६११च्या अधिकृत इंग्रजी बायबलमध्ये मात्र मान-अपमानाचा हा हिशेब नाही. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांत एकवचन-अनेकवचनाचा भेद स्पष्ट असल्याने भाषांतरकारांनी एकाला, मग तो राजा असो की चाकर, ‘दाउ’ आणि अनेकांना ‘यी’ असा सरळ नियम ठेवला. त्याचा उपयोग लूकच्या बाविसाव्या अध्यायात दिसतो. सैतानाने ‘यू’ मागितले आहे, पण मी ‘दी’साठी प्रार्थना केली आहे, असे येशू शिमोनाला सांगतो, म्हणजे संकट सगळ्या शिष्यांवर आहे आणि प्रार्थना एकट्या शिमोनासाठी केलेली आहे. आजच्या इंग्रजीत दोन्हीकडे ‘यू’ येते आणि हा फरक पुसला जातो. मराठीत ‘तुम्हांला’ आणि ‘तुझ्यासाठी’ असे लिहिले की तो जागेवर राहतो. या भाषांतरात तृतीयपुरुषी ‘-स’ही जवळजवळ आढळत नाही, सर्वत्र ‘-एथ’ आहे, कारण ते बरेचसे विल्यम टिंडल याने १५२६मध्ये केलेल्या, बायबलमधल्या ‘नव्या करारा’च्या भाषांतराच्या वळणावर बेतलेले होते. छापून बाहेर पडले तेव्हाच त्याची भाषा थोडी जुनी वाटत असणार.

प्रश्न : ओपेनहायमरवरील चित्रपट आल्यापासून ‘नाउ आय अ‍ॅम बिकम डेथ’ हे वाक्य सगळीकडे दिसते. ‘आय हॅव बिकम’ असे नको का?
— एक विद्यार्थी, कसबा बावडा

उत्तर : परीक्षेत ‘हॅव’च लिहावे. पण ओपेनहायमरने १९६५ सालच्या दूरचित्रवाणी माहितीपटात १६ जुलै १९४५च्या अणुस्फोट-चाचणीची आठवण सांगताना गीतेच्या अकराव्या अध्यायातला बत्तिसावा श्लोक, ‘कालोऽस्मि लोकक्षयकृत्प्रवृद्धः’, मनात आल्याचे म्हटले. त्याचे इंग्रजी देताना त्याने वापरलेली रचना जुनी असली तरी पूर्णपणे शुद्ध आहे. येणे, जाणे, उठणे, पडणे, होणे अशा गतीच्या किंवा स्थित्यंतराच्या क्रियापदांचा पूर्ण काळ इंग्रजीत एके काळी ‘बी’ या साहाय्यकाने होत असे आणि इतर क्रियापदांचा ‘हॅव’ने. म्हणून नाताळच्या आणि ईस्टरच्या गीतांत ‘द लॉर्ड इज कम’, ‘ही इज रिझन’ असे येते. त्याला कर्मणी प्रयोग समजण्याची चूक चांगले वाचणारेही करतात. ‘तो आला आहे’, ‘मी झालो आहे’ यांत मराठी जे ‘असणे’ वापरते, तेच हे. आजच्या बोलण्यातही ‘ही इज गॉन’ या एका वळणात ती जुनी रीत शिल्लक आहे.

प्रश्न : ‘हॅम्लेट’मधल्या ‘द लेडी डथ प्रोटेस्ट टू मच, मीथिंक्स’ या वाक्यात ‘आय थिंक’ऐवजी इंग्रजी ‘मी’ (म्हणजे ‘मला’) आणि पुढे ‘स’ कसा?
— एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : कारण त्याचा अर्थ ‘मी विचार करतो’ असा नसून ‘मला वाटते’ असा आहे. प्राचीन इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदे होती, एक विचार करण्याचे आणि दुसरे वाटण्याचे किंवा भासण्याचे. कालांतराने दोन्हींचा उच्चार एक झाला. दुसऱ्या क्रियापदाला कर्ता लागत नसे, माणूस चतुर्थीत येई आणि क्रियापद तृतीयपुरुषी राही, अगदी ‘मला वाटते’प्रमाणे. ‘मला वाटले’ म्हणजे ‘मीथॉट’. वाक्यातल्या ‘प्रोटेस्ट’चा अर्थ निषेध करणे असा घेऊ नये. नाटकातल्या नाटकातली राणी पुन्हा विवाह न करण्याच्या आणाभाका फारच घेते आहे, असे गर्ट्रूड म्हणते.

प्रश्न : महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात जुन्या इंग्रजी नाटकांचे प्रवेश करणार आहोत. निमंत्रणपत्रिकेवर ‘वी इन्व्हाइटेथ दी! कमेथ वन, कमेथ ऑल!’ असे छापायचे आहे. बरोबर आहे का?
— संमेलन समितीचे विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : नाही. ‘वी’ला ‘-एथ’ लागत नाही, आज्ञार्थाला तर कोणताच प्रत्यय लागत नाही, आणि ‘दी’ एकालाच म्हणता येते. ‘आम्ही बोलावतो’च्या जागी ‘आम्ही बोलावतोस’ असे मराठीत छापल्यावर जे होईल, ते या ओळीचे झाले आहे. एकेका पाहुण्याला पत्रिका द्यायची असल्यास ‘दाउ आर्ट इन्व्हाइटेड’ लिहावे. मात्र प्राचार्यांना द्यायच्या प्रतीवर एकेरी नको, तेथे ‘यू आर’च ठेवावे. सर्वांना मिळून लिहायचे असेल तर ‘कम यी ऑल’ चालेल. पत्रिकेच्या मथळ्यावर ‘यी ओल्ड थिएटर’ असेही तुम्ही सुचवले आहे. त्या ‘यी’चा ‘तुम्ही’शी संबंध नाही. ‘थ’ या उच्चाराचे एक जुने अक्षर पुढे ‘वाय’सारखे लिहिले जाऊ लागले, आणि छापखान्यांनी त्याच्या जागी ‘वाय’चाच खिळा वापरला. म्हणजे तो शब्द नुसता ‘द’ आहे आणि वाचावाही तसाच.

प्रश्न : संस्कृतात ‘भरसि’, ‘भरति’ आणि जुन्या इंग्रजीत ‘बेअरेस्ट’, ‘बेअरेथ’. हे साम्य योगायोगाचे की नात्याचे?
— एक निवृत्त संस्कृत शिक्षक, उत्तरेश्वर पेठ

उत्तर : नात्याचे. सर विल्यम जोन्स याने १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या समान उगमाविषयी जे सांगितले, त्याचा पुरावा पुढच्या अभ्यासकांनी प्रामुख्याने अशा प्रत्ययांतूनच उभा केला. संस्कृत ‘भ’च्या जागी जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन कुळातल्या, भाषांत ‘ब’ येतो आणि ‘त’च्या जागी ‘थ’. हा ध्वनिनियम याकोब ग्रिम याच्या नावाने ओळखला जातो आणि त्याने तो १८२२ साली मांडला. तो लावला की ‘भरति’ आणि ‘बेअरेथ’ समोरासमोर येतात, धातूसकट आणि प्रत्ययासकट. ‘भरसि’मधला ‘सि’ आणि ‘बेअरेस्ट’मधला ‘स’ही एकाच मुळाचे आहेत, ‘स्ट’मधला शेवटचा ‘ट’ मात्र उपरा आहे. क्रियापदामागे ‘दाउ’ येई तेव्हा त्याच्या आरंभीचा ध्वनी क्रियापदाला चिकटला आणि तेथेच राहिला.

आता यात मराठी धरली की चित्र अधिक रंगतदार होते. संस्कृत ‘-ति’मधला ‘त’ प्राकृतातच झिजला. ‘करोति’चे होता होता जुन्या मराठीत ‘करी’ झाले. द्वितीयपुरुषाचा ‘स’ मात्र आपण सोडला नाही. संतांच्या अभंगात ‘करिसी’ आहे आणि आजच्या बोलण्यात ‘करतोस’, ‘आहेस’, ‘गेलास’ आहे, आणि हा ‘स’ ‘असि’च्या आधाराने आलेला आहे. इंग्रजीने ‘दाउ’बरोबर आपला ‘-एस्ट’ गमावला, आणि ‘-ति’चा वारस असलेला ‘-एथ’ मात्र सतराव्या शतकापर्यंत लेखणीत तरी सांभाळला. त्यामुळे ‘व्हिदर गोएस्ट दाउ’ या वाक्यातला ‘स’ लंडनच्या रस्त्यावर आज कोणी ओळखणार नाही, आणि ‘कुठं निघालास?’ या प्रश्नात तो महाद्वार रोडवर दिवसभर ऐकू येतो.

याहून जुने साम्य हवे असल्यास ‘गॉड वॉट’ हा प्रयोग पाहावा. ‘देव जाणे’ या अर्थी तो जुन्या इंग्रजीत येतो. ‘वॉट’ हे जाणणे या अर्थाच्या ‘विट’ या धातूचे रूप, आणि तो धातू म्हणजे आपला ‘विद्’. संस्कृतात ‘विद्’चे ‘वेद’ असे रूप होते. घडण भूतकाळाची, पण अर्थ वर्तमानाचा, ‘तो जाणतो’. ‘वॉट’ची घडणही तशीच आहे, म्हणूनच त्याला ‘-एथ’ लागत नाही. ‘कॅन’, ‘शॅल’, ‘मे’ ही साहाय्यक क्रियापदे याच घडणीची असल्यामुळे आजही ‘ही कॅन्स’ होत नाही. कायद्याच्या इंग्रजीतला ‘टू विट’, म्हणजे ‘अर्थात’ किंवा ‘जसे की’, हा याच धातूचा अवशेष आहे.

प्रश्न : जुन्या कवितांत ‘स्पेक’, ‘होल्पन’, ‘डर्स्ट’, ‘क्वोथ’ असे शब्द येतात आणि साध्या शब्दकोशात सापडत नाहीत. ते कोठे शोधावेत?
— एक वाचक, कागल

उत्तर : मूळ धातूखाली शोधावेत. ‘स्पेक’ हा ‘स्पीक’चा, ‘brake’ असा लिहिलेला ‘ब्रेक’ हा ‘break’चा आणि ‘बिगॅट’ हा ‘बिगेट’चा जुना भूतकाळ, ‘होल्पन’ हे ‘हेल्प’चे भूतकाळवाचक धातुसाधित, आणि ‘डर्स्ट’ हा ‘डेअर’चा भूतकाळ, म्हणजे ‘धजला’. ‘रॉट’ हा ‘वर्क’चा जुना भूतकाळ घडीव लोखंडाच्या नावात अजून चालतो. ‘वॉस्ट’ आणि ‘वर्ट’ ही दोन्ही रूपे ‘दाउ’ची, ‘होतास’ या अर्थाची. ‘वॉस्ट’ साध्या विधानात आणि ‘वर्ट’ बहुधा ‘असतास’ अशा जर-तरच्या वाक्यात येते, पण शेलीने १८२०च्या आपल्या चंडोलावरील कवितेत यमकासाठी ‘वर्ट’ साध्या विधानात वापरले आहे. ‘क्वोथ’ तेवढे स्वतंत्र नोंदीत मिळेल. ते ‘म्हणाला’ अशा अर्थाचे भूतकाळी रूप असून वर्तमानकाळात वापरत नाहीत, आणि कर्ता त्याच्यामागून येतो : ‘क्वोथ ही’, ‘क्वोथ आय’. कोलरिजने १७९८मध्ये वृद्ध नाविकाच्या काव्यात ते ‘स्टॉपेथ’ आणि ‘लव्हेथ’ यांच्या जोडीने मुद्दाम घातले, तेव्हाही ते बोलण्यातून गेलेलेच होते. त्या काव्यापासून सुरुवात केल्यास बाकीची बहुतेक रूपे वाचता वाचता भेटतील.